मालक खाली, भाडेकरू वर: वेस्ट मांबलममधल्या घराचा खरा हिशेब

मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगर, म्हणजे साड्यांची आणि सोन्याची बाजारपेठ. पश्चिमेला उतरलं की गाव बदलतं. आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, काशी विश्वनाथाचं देऊळ आणि आतल्या गल्ल्यांत अर्ध्या ग्राउंडवर उभी असलेली दोन-तीन मजली घरं. चेन्नईत जमीन ग्राउंडमध्ये मोजतात: एक ग्राउंड २४०० चौरस फूट. अशा घरात मालक एका मजल्यावर राहतो, उरलेले 'पोर्शन' भाड्याने देतो. बाहेरून वर जाणारा जिना, फाटकाजवळ विजेचे तीन मीटर आणि पोर्चखाली लोखंडी झाकणाचा पाण्याचा संप (जमिनीखालची टाकी), ही या घरांची ओळख.

इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून मला हा प्रश्न वारंवार येतो: फ्लॅटऐवजी असं घर घेतलं तर हप्ता भाड्यातच सुटेल ना? पुण्यातल्या वाड्यांपासून आपल्याला ही रीत परिचयाची आहे, त्यात अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून 'हाउस हॅकिंग'च्या, म्हणजे एका भागात राहून उरलेल्याच्या भाड्यातून हप्ता भागवण्याच्या, गोष्टी कानावर येतात. घर वाईट नाही. मीही ते घ्या म्हणेन, पण हिशेब मांडून झाल्यावर.

'भाड्यातून हप्ता सुटतो'

अमेरिकेत हे जमतं ते तिथल्या कर्जव्यवस्थेमुळे. मालक स्वतः राहणार असेल, तर चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला सरकारी हमीचं एफएचए कर्ज किमतीच्या साडेतीन टक्के रक्कम भरून मिळू शकतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ७५ टक्के देते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. तमिळनाडूत हा खर्च ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी फी, मिळून ९ टक्के होतो.

उदाहरणासाठी तीन मजल्यांचं घर तीन कोटींना धरू. कर्ज सव्वादोन कोटी. पदरचे ७५ लाख अधिक ९ टक्क्यांचे २७ लाख, म्हणजे एक कोटी दोन लाख हातात हवेत. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता महिना सुमारे १ लाख ९५ हजार. भाड्याचं काय? आपल्या मोठ्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के असतं. अडीच टक्के धरले, तर दोन मजल्यांचे महिन्याला ४१-४२ हजार येतात. म्हणजे भाडं हप्त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उचलतं.

'भाडं वाढत जातं, हप्ता तेवढाच राहतो' हे म्हणणं व्याजदर बदलला नाही तर खरं आहे, पण पुरेसं नाही. दरवर्षी पाच टक्के वाढ धरा आणि एकही महिना पोर्शन रिकामा राहिला नाही असं माना. तरी दहाव्या वर्षाअखेर भाडं ६८ हजारांच्या आसपास जातं आणि कर्ज फिटायच्या वेळेला एक लाख दहा हजारांच्या घरात. वीस वर्षांत ते हप्त्याला गाठत नाही.

गणित बसतं ते कर्ज लहान असेल तेव्हा. पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅट विकून आलेल्या कुटुंबाने ६० लाखच कर्ज काढलं, तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास येतो. तिथे ४१ हजारांचं भाडं मोठा आधार ठरतं. या घराचा खरा फायदा पायाखालच्या जमिनीत आहे. फ्लॅटमध्ये जमिनीचा अविभाजित हिस्सा, इथल्या बोलीत यूडीएस, काहीशे चौरस फुटांचा मिळतो. इथे अख्खं अर्धं ग्राउंड तुमचं. शिवाय आई-वडिलांना तळमजला आणि आपल्याला वरचा, ही सोय पैशात मोजता येत नाही.

'ईसी स्वच्छ आहे, आता काळजी नाही'

ईसी म्हणजे बोजा प्रमाणपत्र. ते तमिळनाडू नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं आणि दलाल सगळ्यात आधी तेच हातात ठेवतो. पण ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. नोंदणी न केलेलं मृत्युपत्र, घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी, कोर्टातला दावा यांचा त्यात पत्ता नसतो. म्हणून पट्टा (महसूल खात्यातली जमिनीच्या मालकीची नोंद), मूळ खरेदीखतापासूनची साखळी आणि वारसांची यादी हे सगळं वकिलाकडून तपासून घ्यावं लागतं.

वेस्ट मांबलममध्ये हा प्रश्न जास्त येतो, कारण इथल्या अनेक जुन्या घरांची मुलं परदेशी गेली आहेत आणि घर चार-पाच वारसांच्या नावे उरलं आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची सही लागत नाही, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तमिळनाडूने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क १९८९ मध्येच दिला, महाराष्ट्राच्याही आधी. त्या वेळी मुलीचं लग्न झालेलं नसावं अशी अट होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद ठरली, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरातही मृत्युपत्र नसेल तर मुलगी वारस असतेच. एक सही राहिली तर दावा पुढे तुमच्या दारात येतो.

विकणारा अनिवासी भारतीय असेल तर ५० लाखांवरच्या व्यवहारातली नेहमीची एक टक्का करकपात लागू होत नाही. कपात खूप मोठी असते आणि ती करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. सह्या करायच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा; चुकलं तर कर खाते तुमच्याकडूनच वसूल करतं.

'पाणी काय, सगळीकडेच तुंबतं'

इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन. टी. नगर १९२० च्या दशकात एका मोठ्या तलावाच्या जमिनीवर वसवलं गेलं आणि आसपासचा भाग सखलच आहे. मुसळधार पाऊस झाला की टी. नगर आणि वेस्ट मांबलमला जोडणाऱ्या दुरैसामी सबवेत पाणी साठतं. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या मिचौंग वादळात शहराच्या या पट्ट्यात लोकांनी घरात पाणी पाहिलं.

पण एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांचं नशीब वेगळं असू शकतं. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, तशी जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली. फाटक उघडून आत शिरताना पायरी चढावी लागते की उतरावी लागते, ते पाहा. उतरावी लागत असेल तर तळमजल्याच्या भिंतीवर हात फिरवा. कमरेएवढ्या उंचीवर रंगाचे पोपडे आले असतील, किंवा तेवढाच पट्टा नव्याने रंगवलेला असेल, तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीनेच सांगितलं. मग संपचं झाकण बघा. ते जमिनीलगत असेल तर पुराचं गढूळ पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जातं. ज्यांनी संपच्या तोंडाभोवती फूट-दोन फुटांचा कठडा बांधला आहे, त्यांनी एक पूर सोसलेला असतो.

दुसऱ्या टोकाला उन्हाळा. २०१९ च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारे मोठे जलाशय जवळपास कोरडे पडले होते आणि घरोघरी लॉरीने पाणी येत होतं. तीन बिऱ्हाडं एकाच बोअरवर असली की भांडण पाण्यावरून सुरू होतं. पावसाचं पाणी जिरवणं तमिळनाडूने २००३ पासून सक्तीचं केलं आहे, पण बऱ्याच घरांत तो खड्डा मातीने भरून गेलेला असतो. घर घेण्याआधी बोअरची खोली विचारा आणि तो खड्डा उघडून दाखवायला सांगा.

'नंतर एक मजला चढवू'

२०१९ च्या बांधकाम नियमांनुसार साध्या, उंच नसलेल्या इमारतीला चटईक्षेत्र निर्देशांक २ मिळतो. १२०० चौरस फुटांवर २४०० चौरस फूट, तेही बाजूची मोकळी जागा आणि पार्किंग सोडून बसवायचं. बऱ्याच घरांत हे क्षेत्र आधीच संपलेलं असतं, काहींत वरचा मजला विनापरवाना असतो. मंजूर नकाशा मागा. जो मजला नकाशात नाही, त्याचं मोल बँकेचा मूल्यांकनकार सहसा धरत नाही.

'भाड्यावर कर कसला, आपण त्याच घरात राहतो'

स्वतंत्र पोर्शनचं भाडं करपात्र आहे. त्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर, मग उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट आणि त्या भागापुरतं कर्जाचं व्याज वजा होतं. नव्या करप्रणालीत स्वतः राहतो त्या भागाच्या व्याजाची वजावट मिळत नाही आणि भाड्याच्या भागातला तोटाही पगारातून वजा करता येत नाही.

'अकरा महिन्यांचा करार आणि दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स'

महाराष्ट्रातून येणारा माणूस लिव्ह अँड लायसन्सच्या सवयीने विचार करतो. तमिळनाडूचा २०१७ चा भाडेकायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्यात करार लेखी हवा आणि तो भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायला हवा, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. भाडेकरूच्या घरात शिरण्याआधी चोवीस तासांची लेखी सूचना द्यावी लागते आणि वाद झाला म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. एकाच छपराखाली राहणाऱ्या मालकाला हे दोन नियम जड जातात, पण भाडेकरूचं घर हे त्याचं घर आहे.

'फक्त शाकाहारी' अशी पाटी या भागात नवी नाही. मराठी कुटुंबांनाही ती पाहून परत फिरावं लागलं आहे. आपण मालक झाल्यावर तीच पाटी लावणं मला पटत नाही, आणि निवड जितकी अरुंद, तितके पोर्शन रिकामे राहण्याचे महिने जास्त.

याच भाडेकायद्यानुसार करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. तरी दहा महिन्यांच्या अ‍ॅडव्हान्सची जुनी रीत गेलेली नाही आणि काही खरेदीदार ती रक्कम घराच्या पैशांतच धरतात. वरच्या उदाहरणात ते चार लाखांहून जास्त होतात. हे पैसे भाडेकरूचे आहेत; दोन्ही पोर्शन एकाच महिन्यात रिकामे झाले तर ते एकरकमी परत करावे लागतात, आणि त्या महिन्यात भाडंही नसतं.