चालत्या गाडीची तपासणी

मी वांगणीची. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीत आजवर मी आजीला पत्रं आणि दहावीचा पेपर एवढंच लिहिलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. पण मेसच्या ५२ ताटांचा हिशोब मराठीतच मांडायला हवा, कारण तो ज्यांच्या अंगावर आला ते मेसचे काका मासिकाचा इंग्रजी विभाग वाचत नाहीत.

आधी थोडं वांगणीबद्दल. बदलापूरच्या पुढचं हे छोटं स्टेशन. लोकल थांबतात, पण बऱ्याच एक्सप्रेस धडधडत निघून जातात. तेव्हा स्टेशनचा एक माणूस झेंडा घेऊन उभा असतो. लहानपणी मला वाटायचं, तो गाडीला टाटा करतोय! खरं म्हणजे तो गाडी तपासत असतो. एखादा अ‍ॅक्सल तापून धूर येतोय का, डब्याखाली काही लोंबतंय का, हे तो बघतो. ठीक असेल तर हिरवा झेंडा, गडबड दिसली तर लाल. १७ एप्रिल २०२१ ला उद्यान एक्सप्रेस येत असताना दृष्टिहीन आईचं मूल रुळावर पडलं. ड्युटीवरचे पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले, मुलाला वर चढवलं आणि स्वतः कसेबसे प्लॅटफॉर्मवर आले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. मला त्यातून एक गोष्ट समजली: चालू असलेल्या गोष्टीकडे नीट बघणं हे स्वतंत्र काम आहे.

आता मेस. आपल्या मेसचा कुपनचा प्रोग्रॅम सेकंड इयरला असताना मी आणि दोन मैत्रिणींनी सी प्लस प्लसमध्ये लिहिला. त्यात तीन थ्रेड होते. पहिला काउंटरवर चिठ्ठी छापतो आणि नोंद एका रांगेत टाकतो. दुसरा रांगेतून नोंदी उचलून डेटाबेसमध्ये लिहितो. तिसरा रेक्टर सरांचा रोजचा रिपोर्ट काढतो. एका रात्री जेवणाच्या वेळी स्क्रीन गोठला. मागे मुलांची ही गर्दी! मी काय केलं? जे सगळे करतात तेच. प्रोग्रॅम मारला, परत चालू केला. टाळ्या मिळाल्या.

महिनाअखेर हिशोब लागला तेव्हा ताटं जास्त गेलेली आणि कुपनं कमी. फरक ५२ चा. काका म्हणाले, "मी चिठ्ठीशिवाय एकही ताट दिलं नाही." चिठ्ठ्या तर रोज कचऱ्यात जातात, पुरावा कुठून आणणार? पैसे त्यांच्या पगारातून कापायचं ठरलं. मला आतून वाटत होतं की चूक आमची आहे. पण दाखवायला काहीच नव्हतं, कारण पुरावा प्रोग्रॅमच्या मेमरीत होता आणि तो मीच मारला होता.

इथेच डिबगर कामाला येतो. आपल्याला लॅबमध्ये शिकवतात की प्रोग्रॅम डिबगरच्या आत सुरू करायचा. पण आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमलाही डिबगर जोडता येतो, हे फार जणांना माहीत नसतं. लिनक्समध्ये पीट्रेस नावाची सिस्टिम कॉल आहे. तिच्या जोरावर एक प्रोसेस दुसरीला थांबवू शकते, तिची मेमरी आणि रजिस्टरं वाचू शकते, बदलूही शकते. जीडीबीला प्रोसेसचा नंबर दिला की तो हेच करतो. सगळे थ्रेड जागच्या जागी थांबतात, आपण आत फिरून बघायचं, आणि डिटॅच म्हटलं की गाडी पुढे चालू. उबुंटूवर दुसऱ्याच्या प्रोसेसला असं धरायला रूटची परवानगी लागते, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही कोणाचा पासवर्ड मेमरीतून वाचेल!

ब्रेकपॉइंटची गंमतही सांगते. इंटेलच्या प्रोसेसरवर डिबगर आपल्याला हव्या त्या जागेवरचा सूचनेचा पहिला बाइट उचलून बाजूला ठेवतो आणि तिथे २०४ हा आकडा लिहितो. प्रोसेसर त्या बाइटवर आला की ट्रॅप बसतो आणि सूत्रं डिबगरच्या हातात येतात. पुढे जाताना मूळ बाइट परत जागेवर. म्हणजे रुळावर लाल झेंडा रोवून ठेवण्यासारखंच.

पण खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच बिघडली तर? कर्नल थांबवला की कीबोर्ड थांबला, स्क्रीन थांबला, डिबगर चालवणार कुठे? उत्तर असं की दोन मशीन घ्यायची आणि मध्ये सीरियल केबल टाकायची. एकावर थांबलेला कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी. थांबलेल्या कर्नलमधला एक छोटा भाग तेवढा जागा राहून केबलवरच्या प्रश्नांना उत्तरं देतो. ह्याला केजीडीबी म्हणतात, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे ह्याचं बरंच काम आपल्या पुण्यात झालं आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत अमित काळे आणि पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीने ते सांभाळलं. लिनस टोरवाल्ड्सचा मात्र कर्नल डिबगरला विरोध होता. डिबगर हाताशी असला की लोक विचार करायचं सोडून लक्षणं बुजवत बसतात, असं त्यांचं मत. त्यामुळे केजीडीबी बरीच वर्षं बाहेरचा पॅच म्हणूनच राहिलं आणि जुलै २००८ मध्ये २.६.२६ ह्या आवृत्तीत अधिकृतपणे आत आलं. त्या फाइलच्या डोक्यावर काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावं अजून आहेत, उघडून बघा.

असो. परत मेसकडे. तीन आठवड्यांनी स्क्रीन पुन्हा गोठला. मुलं ओरडायला लागली, "रिस्टार्ट कर ना!" ह्या वेळी मी दहा मिनिटं मागितली. काउंटरवर वही ठेवली, काकांना हाताने नोंदी घ्यायला सांगितल्या आणि जीडीबी जोडला. सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस काढले. चित्र स्वच्छ होतं. नोंदी लिहिणाऱ्या थ्रेडने विद्यार्थ्याच्या खात्याचं लॉक धरलं होतं आणि तो साठ्याच्या लॉकची वाट बघत होता. रिपोर्टच्या थ्रेडने साठ्याचं लॉक धरलं होतं आणि तो खात्याच्या लॉकची वाट बघत होता. तू आधी सोड, नाही तू आधी सोड. पुस्तकातला डेडलॉक, आपल्या मेसमध्ये!

काउंटरला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो चिठ्ठ्या छापत राहिला आणि नोंदी रांगेत साचत गेल्या. रांगेची मर्यादा आम्हीच ५० ठेवली होती. मी रांग छापून बघितली: ५० नोंदी. लिहिणाऱ्या थ्रेडच्या हातात अडकलेली १. चिठ्ठी छापून रांगेच्या दारात उभी असलेली १. एकूण ५२.

मी दोनदा मोजलं. मागच्या वेळचा फरकही ५२ होता. तो योगायोग नव्हता. आमचा प्रोग्रॅम ह्या कारणाने गोठला की दर वेळी बरोबर ५२ नोंदी अधांतरी राहणार. त्या रात्रीच्या ५२ नोंदी मी मेमरीतून उतरवून घेतल्या, मगच प्रोग्रॅम मारला. दुसऱ्या दिवशी सगळा कागद रेक्टर सरांपुढे ठेवला. सरांनी शांतपणे वाचला आणि काकांना बोलावून घेतलं. कपात रद्द झाली. दुरुस्ती तर दोन ओळींची होती: दोन्ही थ्रेडनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे.

टोरवाल्ड्सचं म्हणणं मला अर्धं पटतं. डिबगरने मला उत्तर दिलं नाही, ५० अधिक १ अधिक १ हे मलाच जुळवावं लागलं. पण जुळवायला आकडे तर हवेत, आणि ते रिस्टार्टने पुसले जातात. म्हणून ज्युनियर्सना एकच सांगणं: गोठलेला प्रोग्रॅम मारण्याआधी निदान जीकोर ही कमांड चालवा. ती चालत्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत फाइलमध्ये काढते आणि प्रोसेस जिवंत ठेवते. मग घाईत मारला तरी पुरावा हातात राहतो.

काकांना मी सॉरी म्हणाले, तर ते म्हणाले, "जाऊ दे पोरी, पण ती वही काउंटरवरच राहू दे." वही अजून तिथेच आहे.