असईचें रणांगण आणि घरचा तंटा

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भोकरदनपासून फार दूर नसलेल्या असई या खेड्याजवळ, केळणा व जुई या दोन नद्या एकमेकींना मिळतात. संगमापूर्वीं कांहीं अंतर त्या जवळजवळ समांतर वाहतात आणि त्यांच्यामध्यें जमिनीची एक अरुंद जीभ उरते. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं या जिभेवर दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याची जनरल आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशीं गांठ पडली. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८१५ सालीं वॉटर्लू येथें त्यानें नेपोलियनला हरविलें. तरीही आपली सर्वांत सरस लढाई कोणती असें विचारलें असतां उतारवयांत तो असईचेंच नांव घेत असे, असें सांगतात.

त्याला तसें कां वाटावें, हें त्या दिवसाची स्थिति पाहिली म्हणजे कळतें. दोनच दिवसांपूर्वीं, २१ सप्टेंबरला, बदनापूर येथें वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोन निराळ्या वाटांनीं मराठ्यांवर चालून जावयाचें ठरलें होतें. परंतु स्टीव्हन्सन येऊन मिळण्यापूर्वींच वेलस्लीला शत्रु समोर दिसला. त्याच्याजवळ कवायती लोक साडेचार हजारांच्या सुमारास होते. पलीकडे शिंद्यांच्या पदरचें कवायती पायदळच दहा हजारांवर, तोफा सुमारें शंभर आणि घोडदळ तर त्याहून कितीतरी मोठें. नदीला उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु पिंपळगांव व त्याच्या समोरच्या तीरावरील गांव हीं दोन्ही पाहून, समोरासमोर वसलेल्या गांवांमध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्यानें केला आणि तो खरा ठरला. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं शर्थ केली. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. एवढ्या लहान फौजेला हा आंकडा भयंकर होता. तरी संध्याकाळीं मैदान इंग्रजांच्या हातीं होतें, आणि तोफाही.

शौर्य, शस्त्र व कवायत यांपैकीं कशाचीही उणीव नसतां हा पराभव कां झाला? युद्धशास्त्राचे जाणकार कांहीं कारणें दाखवितात व तीं खरीं आहेत. शिंद्यांच्या कंपूंतील अनेक इंग्रज अधिकारी गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यामुळें आधींच निघून गेले होते. पायदळाचें नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या गृहस्थाकडे होतें, आणि प्रचंड घोडदळ मुख्य झुंजींत फारसें उतरलेंच नाहीं. परंतु हीं कारणें रणांगणावरचीं झालीं. त्यांच्या मागचें कारण पाहावयाचें तर असईहून पुण्याकडे वळावें लागतें.

१३ मार्च १८०० रोजीं नाना फडणीस वारले. त्याच्याही पूर्वीं, १७९७ सालीं, यशवंतराव होळकरांचे बंधु मल्हारराव शिंद्यांच्या सैन्याकडून पुण्याजवळ मारले गेले होते. त्यांचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यांत राहिला. एप्रिल १८०१ मध्यें दुसरे बंधु विठोजी यांना बाजीराव पेशव्यांनीं पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. मग २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतरावांनीं हडपसरच्या मैदानावर शिंदे व पेशवे यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. बाजीराव कोंकणांत पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं वसईचा तह केला. निदान सहा हजार इंग्रजी पायदळ कायमचें ठेवून घ्यावें, त्याच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा आणि परराज्यांशीं बोलणें इंग्रजांच्या संमतीवांचून करूं नये, अशीं त्याचीं कलमें होतीं. मराठी राज्याच्या संरक्षणाचा एवढा मोठा निर्णय होता. तो घेतांना पेशव्यांच्या डोळ्यांपुढें कलकत्ता नव्हतें, लंडन नव्हतें, केवळ होळकर होते.

तह झाल्यावर शिंदे व भोसले यांना त्याचा अर्थ उमगला. होळकरांना आपल्याकडे ओढण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा मुलूख परत देण्याचीं आश्वासनें गेलीं, खंडेरावाची सुटका झाली. यशवंतरावांनीं अनुकूलता दाखविली खरी. पण ऐन युद्धाच्या वेळीं ते माळव्यांत निघून गेले. युद्ध संपल्यावर होळकरांचा समाचार घेऊं, अशा अर्थाचें शिंद्यांचें एक पत्र पेशव्यांकडे जातांना इंग्रजांच्या हातीं पडलें आणि वेलस्लीनें तें होळकरांकडे पोंचतें केलें, असें कांहीं इतिहासकार सांगतात. उलट वेलस्लीच्या छावणींत पेशव्यांच्या वतीनें आलेले मराठे स्वार होते.

यशवंतरावांना दोष देणें सोपें आहे; परंतु ज्याचे दोन भाऊ असे गेले त्याचा राग खोटा नव्हता. फुटीची खरी अडचण हीच असते कीं, तिच्या मुळाशीं बहुधा एखादी न्याय्य तक्रार असते. एप्रिल १८०४ मध्यें होळकरांशीं इंग्रजांचें युद्ध सुरू झालें. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनीं दाणादाण उडविली. परंतु तोंपर्यंत भोसल्यांनीं देवगांवचा व शिंद्यांनीं सुर्जी अंजनगांवचा तह डिसेंबर १८०३ मध्येंच केलेला होता. जे दोन हात एकत्र यावयाचे ते एकामागून एक लढले, आणि २४ डिसेंबर १८०५ रोजीं होळकरांनाही राजघाटचा तह करावा लागला.

इंग्रजांमध्यें तट नव्हते असें मात्र समजूं नये. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हा या सेनापतीचा सख्खा वडील भाऊ. त्याच्या खर्चिक युद्धांवर कंपनीचे डायरेक्टर नाखूष होते. १८०५ सालीं त्याला परत जावें लागलें, आणि त्याच्या कारभारावर पार्लमेंटांत हल्ला झाला तेव्हां १८०६ सालीं आर्थर वेलस्ली स्वतः सभासद होऊन भावाच्या बचावासाठीं उभा राहिला. भांडण होतें, कडवेंही होतें. परंतु त्याला एक सभागृह होतें. केळणेच्या उतारावर तें पोंचलें नाहीं.

आजच्या प्रजासत्ताकांत सरदार नाहींत, पक्ष आहेत. संरक्षणाचे मोठे निर्णय मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिति घेते, आणि मंत्री पक्षाचेच असणार. तेव्हां पक्षाचीं माणसें या निर्णयांतून दूर ठेवावीं, असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. दूर ठेवावयाचा तो एक प्रश्न: यापासून आपल्या प्रतिस्पर्ध्याचें काय होईल? १८०२ सालीं वसईस आणि १८०३ सालीं माळव्यांत हाच प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या आधीं विचारला गेला.

महाराष्ट्रानें याच्या उलट वागूनही दाखविलें आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें मोठें आक्रमण केलें. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध पूर्वींपासूनच असंतोष होता. सेनाधिकाऱ्यांच्या बढत्यांत मर्जीचा शिरकाव होतो, या वादाच्या काळांत जनरल थिमय्या यांनीं १९५९ सालीं राजीनामा देऊन मागें घेतला होता. नोव्हेंबर १९६२ मध्यें मेनन गेले व मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ज्यांनीं यशवंतरावांवर आग पाखडली होती, त्यांपैकीं अनेक विरोधक येथें हयात होते आणि जखमा ताज्या होत्या. तरी १९६३ सालीं नाशिकच्या लोकसभा पोटनिवडणुकींत त्यांच्याविरुद्ध कोणी उभें राहिलें नाहीं; ते बिनविरोध निवडून आले. पुढें १९९४ सालीं पंतप्रधान नरसिंह राव यांनीं जिनीव्हा येथील मानवी हक्क आयोगापुढें काश्मीरविषयक बाजू मांडण्यासाठीं विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून धाडलें, तेंही याच जातीचें.

येथें एक गल्लत होण्याचा संभव आहे. पक्षभेद दूर ठेवणें म्हणजे तोंड बंद ठेवणें नव्हे. याच वाजपेयींनीं १९६२ सालीं युद्ध चालू असतां संसदेचें अधिवेशन बोलवावें अशी मागणी केली होती. पंडित नेहरूंनीं तें बोलाविलें आणि ८ नोव्हेंबरपासून सरकारवर सडकून टीका झाली. त्यामुळें आघाडीवरील एकाही शिपायाचें बळ कमी झालें नाहीं. खरी हानि होते ती निराळ्या दिशेनें. सैनिकाच्या गणवेशाची छायाचित्रें प्रचाराच्या फलकांवर येऊं लागलीं, तेव्हां निवडणूक आयोगाला २०१३ सालीं व पुन्हां ९ मार्च २०१९ रोजीं सर्व पक्षांना ताकीद द्यावी लागली. सेना एका पक्षाची दिसूं लागली म्हणजे तिनें दिलेला अप्रिय सल्लाही दुसऱ्या पक्षाचा वाटूं लागतो.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनीं केली. अहवाल १९६३ सालीं सादर झाला आणि त्यावर यशवंतरावांनीं त्याच वर्षीं लोकसभेंत निवेदन केलें. अहवाल मात्र गुप्त राहिला. काँग्रेसच्या सरकारांनीं तो खुला केला नाहीं. तो खुला करावा अशी मागणी मार्च २०१४ मध्यें विरोधी बाकांवरून झाली, आणि त्याच वर्षींच्या जुलैंत, तीच मंडळी सत्तेवर असतां, तो प्रसिद्ध करणें राष्ट्रहिताचें नाहीं असें राज्यसभेंत सांगण्यांत आलें.