पोळ्यानंतरचा ई-क्लास

वैशाखातली सकाळ होती. सात वाजले नव्हते, तरी पायाखालचा मुरूम तापायला लागला होता. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं लोहारा आता शहराला चिकटलं आहे. एमआयडीसीच्या शेड मागे टाकून, कपाशीची रिकामी वावरं ओलांडून आम्ही ई-क्लासवर पोचलो. गावच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात. बाकी महाराष्ट्राचं हे गायरान.

अशा जमिनीचा वापर बदलला तर काय काय बदलेल, हे आधीच मोजून ठेवायचं, एवढंच आमचं काम. शंभर मीटरची दोरी ताणायची आणि दर दहा मीटरवर एक मीटर लांब-रुंद लोखंडी चौकट ठेवायची. चौकटीत गवत किती, उघडी जमीन किती, शेण किती, ते वहीत उतरवायचं. मग पत्र्याचं गोल कडं जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं.

त्या दिवशी वहीत लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. करपलेली कुसळी, तरोट्याच्या काटक्या, दगड. बोरीच्या सावलीत बसलेले गुराखी काका बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, आता पाहाल तं काईच नाई दिसणार. पोळा होऊ द्या, मंग या."

भाद्रपदात गेलो. ठोकलेल्या खुंट्या गवतात हाताने चाचपून शोधाव्या लागल्या. चौकट खाली ठेवली की दिसेनाशी व्हायची. पवन्या, मारवेल, कोवळी कुसळी. काका एकेक काडी उपटून सांगत होते. हे बैल आधी खातो, हे दुसरं काही नसलं तरच, आणि हे कुसळ धरायच्या आत चारून घ्यायचं. पुढच्या गवतातून तित्तर भरारले. कड्यातलं पाणीही वेगळं बोललं. गवताच्या थोंबांमध्ये ते पाहता पाहता मुरलं, आणि दहा पावलांवरच्या बैलगाडीच्या चाकोरीत तसंच साचून राहिलं.

या फरकाचा हिशेब करता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. एका दिवसात पन्नास मिलिमीटर पडला, तर पाच लाख लिटर. त्यातलं किती मुरणार आणि किती माती घेऊन नाल्याला लागणार, हे बरंचसं त्या थोंबांवर ठरतं. खालच्या विहिरींचा संबंध तिथे येतो.

कागदावर मात्र ही जमीन 'पडीक' असते. देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी माळ आणि उतरती कळा लागलेली कुरणं याच यादीत येतात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण प्रभाव अधिसूचनेखाली मोठ्या प्रकल्पांचं मूल्यांकन होतं, पण पायाभूत मोजणी बहुधा पावसाळा वगळून एकाच हंगामाची असते. म्हणजे आमची वैशाखातली वही तेवढी खरी, भाद्रपदातली नाहीच. औद्योगिक वसाहत ५०० हेक्टरपेक्षा लहान असेल आणि तिच्यात अधिसूचनेतले उद्योग किंवा मोठी बांधकामं नसतील, तर पर्यावरण मंजुरीचीही गरज नाही. सौर प्रकल्पालाही ती लागत नाही.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. रात्री ओलिताला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावतो, हे ज्यांनी पाहिलं आहे, ते या विजेला नाही म्हणणार नाहीत. मीही म्हणत नाही. पण एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि ते एकर कुठले, हे महत्त्वाचं आहे. जमीन सपाट करून रोलर फिरवला की थोंबं संपली. उतार तसाच ठेवला आणि पॅनलखालचं गवत कापून नेऊ दिलं, तर बरंच वाचतं. हा निर्णय बांधकामाआधीच घ्यावा लागतो.

कायद्याने गावाच्या हाती काही दिलेलं आहे. जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये गायरानाचा वापर बदलण्यावर बंदी घालणारं कलम २२-अ आहे. टाळता न येणारी गरज किंवा दुसऱ्या योग्य जागेचा अभाव असेल, तरच त्यातून वाट निघते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं.

तेव्हा ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत ई-क्लासचा विषय निघाला, की एवढं विचारा: मोजणी कोणत्या महिन्यात केली, आणि ढोरं चारणाऱ्या माणसाला सोबत नेलं होतं का? उत्तर नाही असेल, तर पोळ्यापर्यंत थांबायला सांगा. माळ एकदा सपाट झाला, की ते गवत पुन्हा मोजता येत नाही.