दगड झालेली झाडे: विदर्भातील दीडशेहून अधिक वर्षांच्या शोधाचा मागोवा

लोणारच्या विवरात उतरू लागले की काठाच्या कड्यात काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. मधूनच एखादा तांबड्या मातीचा पट्टा जातो. काळे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे लोट. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधली उसंत. लोट निवला, त्यावर ऊनपाऊस पडला, दगडाची माती झाली आणि मग पुढच्या लोटाने ती माती भाजून झाकून टाकली. त्या उसंतीच्या काळात या भूमीवर काय उगवत होते, कोणती झाडे उभी होती, याचे उत्तर लोणारच्या कड्यात नाही. ते पूर्वेला नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि सीमेपलीकडच्या छिंदवाड्याकडे सापडते. तिथे काही लोटांच्या मध्ये तळ्यांचा गाळ साठला आणि त्या गाळात पडलेली खोडे, पाने, फळे, बिया दगड होऊन राहिल्या. भूवैज्ञानिक या गाळाला आंतर-ट्रॅप थर म्हणतात.

लोणारची ख्याती जुनी, पण ती पाण्यामुळे आणि खारामुळे. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’तही इथल्या खाराची दखल आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तळ्याची पाहणी केली. हे विवर ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद मात्र पुढे दीडशे वर्षे चालला. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी इथल्या खडकात आघाताने काच झालेले खनिज दाखवले आणि उल्काघाताच्या बाजूने निकाल लागला. तोवर दगडातल्या झाडांचा शोध शंभर वर्षांहून जुना झाला होता.

सुरुवात १८३० च्या दशकात झाली. मद्रासच्या सैन्यातील डॉक्टर माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व कडेला लाव्ह्याच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे दगड झालेले शंख गोळा केले. तप्त लाव्ह्याच्या प्रदेशात गोड्या पाण्याची गोगलगाय आली कुठून? दोन लोटांच्या मध्ये तळी होती, एवढाच त्याचा अर्थ निघत होता.

पुढचे पाऊल नागपुरात पडले. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला टाकळीच्या माळावर असेच शंख मिळाले. मग फळे, बिया आणि लाकडेही मिळू लागली. शाळा, प्रवचने आणि गोंड लोकांच्या भाषेचा अभ्यास सांभाळून दोघे दगड जमवत राहिले. त्यांचा प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. आज तो वाचताना लक्षात राहते ती त्याची शिस्त: कोणत्या गावाजवळ, कोणत्या टेकडीच्या कोणत्या थरात, वर काय, खाली काय. सीताबर्डीच्या टेकडीचा छेदही त्यांनी असाच मांडला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. नागपूरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांची टाकळी शहरात मिसळून गेली, पण नोंद नेमकी असल्याने त्यांचे नमुने आजही वापरता येतात.

लाकडाचा दगड होतो म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. तळ्याच्या गाळात पडलेले खोड हवेपासून तुटते, त्यामुळे कुजणे मंदावते. भोवतालचा लाव्हा आणि राख झिजून पाण्यात सिलिका विरघळते. ते पाणी पेशीपेशीत शिरते आणि सिलिका तिथेच साकळते. पेशींच्या भिंती, त्यांच्यामधल्या पोकळ्या, वाहिन्या सगळे जागच्या जागी गारगोटीच्या जातीच्या दगडात उतरते. लोहामुळे त्याला तांबडा किंवा पिवळा रंग येतो. म्हणूनच चांगला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या लाकडाइतका स्पष्ट वाचता येतो.

माळावर असा दगड ओळखणे मात्र सोपे नाही. लाव्ह्याचा प्रदेश फसवण्यात पटाईत. लाव्हा निवताना आक्रसतो आणि त्याचे खांब पडतात. यवतमाळ जिल्ह्यातील शिबल्याचे असे खांब पाहून अनेकांना ते ओंडकेच वाटतात. दगडाच्या पोकळीत वाढलेली तंतुमय झिओलाइट खनिजे लाकडाच्या रेषांची नक्कल करतात. मँगनीजची काळी नक्षी तर हुबेहूब नेच्याच्या पानासारखी उमटते. त्यामुळे जाणकार आधी कठीणपणा पाहतो. गारगोटी झालेले लाकूड काचेवर ओरखडा काढते आणि चाकूला दाद देत नाही. आम्लाचा थेंब टाकला तर ते फसफसत नाही. मग तो आडव्या तुटीकडे वळतो, कारण झाडाची खरी ओळख तिथेच असते. ताडकुळातल्या खोडाच्या आडव्या कापावर उसाच्या कांड्यासारखे ठिपके विखुरलेले दिसतात. त्याला वर्षवलये नसतात. द्विदल झाडाच्या लाकडात वाहिन्यांची बारीक छिद्रे दहापट दाखवणाऱ्या भिंगातून दिसतात. सूचिपर्णी झाडाच्या लाकडात मोठ्या वाहिन्या नसतातच, सगळ्या पेशी एकसारख्या बारीक.

पुढचे काम प्रयोगशाळेत होते. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवून घासत घासत प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ करायची. दुसरी रीत सोलपटाची: घासलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवला की सिलिका थोडी विरघळते आणि पेशींच्या भिंती वर उठून राहतात, त्यावर सेल्युलोजचा पातळ पापुद्रा बसवून तो सोलून काढायचा. एकाच फळाचे असे ओळीने पापुद्रे काढले की फळाची आतली रचना थराथराने उलगडते. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत पोचते, म्हणून ही रीत हौशी माणसाने घरी करण्याची नाही.

या पद्धतींच्या जोरावर विसाव्या शतकात हा विषय बहरला. त्याचे केंद्र होते छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ. तिथल्या चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या खडकात फळे आणि फुले सापडली. १९३० च्या दशकात के. पी. रोडे यांनी इथल्या फळांची वर्णने केली, नागपूरचे व्ही. बी. शुक्ल वर्षानुवर्षे नमुने जमवत राहिले, आणि लखनौचे बिरबल साहनी यांनी या वनस्पतींना जगाच्या नकाशावर आणले. मोहगावला निपा ताडाचे फळ मिळाले, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. निपा वाढतो खाडीच्या खाऱ्या चिखलात. आज तो सुंदरबनात दिसतो. समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतापर्यंत पोचला असावा, हा तर्क एका फळावरून निघाला. इथल्या थरांतली ताडांची रेलचेल पाहून साहनींनी दख्खनच्या लाव्ह्याचे वय आज मानले जाते त्याहून कमी, म्हणजे डायनासोरनंतरच्या काळातले मानले. पुढे किरणोत्सारी मापनांनी आणि परागकणांच्या अभ्यासाने ते वय मागे सरकून ६.६ कोटी वर्षांच्या आसपास स्थिरावले. साहनींनी झाडे बरोबर ओळखली होती. चूक ठरला तो थराच्या वयाचा अंदाज. साहनींच्या लखनौमधील पुरावनस्पती संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. तीत जीवाश्म जडवलेले आहेत. पुढच्या आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनींचे निधन झाले.

मराठी माणसांचा या कामातला वाटा मोठा आहे आणि त्याची आठवण कमी काढली जाते. कृष्ण राजाराम सुरंगे साहनींच्या संस्थेचे संचालक झाले. पुण्यात त्र्यं. शं. महाबळे यांनी जिवंत ताड आणि दगड झालेले ताड यांचा एकत्र अभ्यास केला. त्यांचा भारतीय ताडांवरचा ग्रंथ १९८२ मध्ये निघाला. वर्धा जिल्ह्यातील नवरगावच्या दगडी लाकडांवर शेटे आणि कुलकर्णी यांनी १९८० च्या आसपास लिहिले. आणि नागपूरच्या विज्ञान संस्थेतल्या श्या चितळे. त्यांनी इंग्लंडमध्ये रेडिंगला टॉम हॅरिस यांच्याकडे शिक्षण घेतले, मोहगावच्या फुलाफळांवर दीर्घकाळ काम केले आणि निवृत्तीच्या वयात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुरावनस्पती विभाग उभा केला. २०१३ मध्ये, त्या वारल्या त्याच वर्षी, स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि जुन वेन यांनी मध्य भारतातील चर्टमधून द्राक्षकुळातली जगातील सर्वांत जुनी फळे जाहीर केली. त्या फळांचे नाव ठेवले इंडोव्हायटिस चितळेई.

त्याआधीचा धक्का चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने दिला होता. तिथे लाव्ह्याच्या खालच्या लॅमेटा थरात डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि अशोक साहनी यांच्या गटाने त्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण दाखवले. डायनासोरच्या काळात गवत नव्हते, ही समजूत त्याने मोडली. भाताच्या नात्यातली गवतेही त्यांत निघाली. हा शोध उभा राहिला तो विष्ठेचा थर नक्की ठाऊक होता म्हणून. तोच दगड नदीच्या वाळूत मिळाला असता तर गवत कोणत्या काळातले, हे कुणालाच सांगता आले नसते.

लोणारकडे परत पाहिले तर तिथल्या वनस्पतींची नोंद दगडात नाही, चिखलात आहे. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळ्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचे परागकण, खनिजे आणि रसायने थराथरांनी साठली आहेत. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी इथे पाऊस दीर्घकाळ रोडावला होता, हे त्या गाळाने सांगितले. टाकळीच्या चर्टमध्ये आणि लोणारच्या चिखलात काळाचे अंतर कोटींचे आहे, वाचायची रीत मात्र एकच: थर हलवू नका, क्रम मोडू नका.

इथेच दगड गोळा करण्याचा प्रश्न येतो. अमेरिकेतल्या वाळवंटी प्रदेशात, संघराज्याच्या ज्या जमिनी भूव्यवस्थापन खात्याकडे आहेत, तिथे नागरिकाला घरासाठी दिवसाला २५ पौंड आणि एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त २५० पौंड दगडी लाकूड नेता येते. त्याच देशात ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात एक तुकडाही उचलणे गुन्हा आहे. लोक तरीही नेतात, आणि काही जण पुढे अपराधी वाटून पत्रासह परत पाठवतात. उद्यानाकडे अशा परत आलेल्या दगडांचा ढीग आहे. ते परत माळावर ठेवता येत नाहीत, कारण कोणता कुठून उचलला हे कुणालाच माहीत नाही. चुकीच्या जागी ठेवलेला दगड पुढच्या अभ्यासकाला खोटी साक्ष देईल.

आपल्याकडे राजस्थानच्या थर वाळवंटात, जैसलमेरजवळ आकलला, ज्युरासिक काळातली खोडे कुंपण घालून राखली आहेत. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातील वडधमला वनविभागाने जीवाश्म उद्यान केले; त्याच तालुक्यात बारापासॉरस या डायनासोरची हाडे निघाली होती. लोणारला १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, २००० मध्ये विवर अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये तळे रामसर यादीत गेले. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही, आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनातला दगड आणि खनिजही वनोपजच आहे. म्हणजे विवरातून आठवण म्हणून खिशात टाकलेला काचेचा खडाही कायद्याच्या कक्षेत येतो. भूवारसा जपण्यासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. विदर्भातल्या बहुतेक आंतर-ट्रॅप जागा मात्र कोणत्याही उद्यानात नाहीत. त्या शेताच्या बांधावर, खदानीच्या कडेला, रस्त्याच्या खोदकामात आहेत.

या जागा कायदा पोचेपर्यंत टिकवायच्या तर ते स्थानिक माणसाच्याच हातात आहे. विहीर खणताना किंवा खडी फोडताना आडव्या तुटीवर ठिपके दिसणारा जड, कठीण दगड निघाला तर तो फोडू नका आणि घरीही नेऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र काढा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, वर कोणता थर होता आणि खाली कोणता ते लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. हिस्लॉपच्या हाती यापेक्षा कमी साधने होती. जागेची नोंद असलेला ओबडधोबड तुकडा अभ्यासकाच्या कामी येतो. जागा हरवलेला सुंदर ओंडका दिवाणखान्यात शोभतो, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.