बियाण्याचा लसूण खाऊ नये

2024 च्या पावसाळ्यात लसूण किलोला 300 रुपयांच्या पुढे गेला आणि दिवाळीच्या सुमारास 400 ला भिडला. ते दिवस कुठल्याच घरातली बाई विसरली नसेल. सांगली-मिरजेच्या बाजारात बागवानांच्या गाड्यांवर तेव्हा कुणी ‘पाव किलो द्या’ म्हणत नव्हतं, ‘वीस रुपयांचा द्या’ म्हणत होतं. आमच्या घरी मात्र त्या सालात लसूण विकत आणावा लागला नाही. अम्मींनी मार्चमध्ये काढलेल्या जुड्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेल्या होत्या. त्या बढाईतच आमच्या हातून चूक झाली.

जुड्या दोन तऱ्हेच्या असायच्या. खिडकीकडच्या खायच्या आणि आतल्या बाजूला, लाल चिंधी बांधलेली एक, ती बियाण्याची. तिला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. त्या पावसाळ्यात अम्मी आमच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी दोन महिने बाहेर होत्या. घरात वलीमा होता. खायच्या जुड्या संपल्या, देगेत लसूण तर हवाच. चारशे रुपयांची वस्तू टांगून ठेवायची आणि दुकानातून तीच विकत आणायची, हे आम्हाला शहाणपणाचं वाटेना. लाल चिंधी सोडली. अम्मी परत आल्या, आढ्याकडे बघितलं, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “आता लावणार काय?”

त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला मार्चमध्ये कळला.

तोपर्यंत आमची समजूत अशी, की बियाणं म्हणजे बाजारात मिळणारी गोष्ट. मेथी, पालक, गाजर यांचं मिळतं तसं. लसणाचं तसं नाही. लसणाला खरं बी धरत नाही. कुडी लावायची, तिचाच गड्डा होतो आणि त्या गड्ड्याच्या कुड्या पुढच्या साली पुन्हा लावायच्या. म्हणजे अम्मींनी खटाव तालुक्यातल्या माहेराहून लग्नानंतर आणलेला तो जांभळट सालीचा, बारीक कुड्यांचा, डोळ्यांत पाणी आणणारा लसूण एकच लसूण होता, तीस-बत्तीस वर्षं हातोहात चालत आलेला. तो आम्ही एका दुपारी देगेत घातला.

बियाणं नाही म्हटल्यावर आम्ही बाजारातून लसूण आणला आणि आणताना चांगला बघून आणला. पांढरेशुभ्र मूठभर गड्डे, प्रत्येकात दहा-बारा जाडजूड कुड्या. दुकानदार म्हणाला, पहाडी माल आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावला. पात अशी आली, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, पात हिरवीच. मार्चमध्ये उपटून बघितलं तर खाली जाड मानेचा कांद्याच्या पातीसारखा दांडा. काहींना लिंबाएवढी एकच गोल गाठ, आत कुड्या नाहीत. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यातून भाजीला पात मिळाली, दुसरं काही नाही.

यात दुकानदाराचा दोष नव्हता, तो खायचा लसूण विकत होता. दोष आमचा. लसणाला थंडी लागते एवढं आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे थंड मुलखातला लसूण जास्त चांगला असं वाटलं. पण लसूण थंडीबरोबर दिवसाची लांबीही मोजतो. हिमाचलच्या सिरमौरकडे किंवा काश्मीरकडे लसूण पावसाळ्याच्या शेवटी लावतात, तो कडक थंडीत महिनोन्‌महिने जमिनीत दम धरून बसतो आणि एप्रिल-मेमध्ये दिवस तेरा-चौदा तासांचा झाला की गड्डा धरतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. मार्चअखेर बारा तासांच्या थोडा पुढे जातो आणि तोवर ऊन तापलेलं असतं. तो पहाडी लसूण आमच्या वाफ्यात बसून, जो दिवस इथे वेळेवर येतच नाही त्याची वाट बघत राहिला.

इथे एक गैरसमज हमखास होतो. महाबळेश्वर-पाचगणीकडचे आमचे एक नातेवाईक म्हणाले, तुमच्या सांगलीत नाही येणार, आमच्याकडे थंड हवा आहे, आमच्याकडे येईल. हवा थंड आहे, खरं. पण डोंगरावर चढलं म्हणून दिवस लांबत नाही. महाबळेश्वरचा सूर्य आणि सांगलीचा सूर्य जवळजवळ एकाच वेळी मावळतो. दक्षिणेत कोडाईकॅनालच्या डोंगरात प्रसिद्ध लसूण होतो, त्याला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तो त्याच डोंगरात मुरलेला वाण आहे. प्रत्येक मुलखाचा लसूण वेगळा, हे आम्ही एक वर्ष घालवून शिकलो.

आपल्या हवेला जमणारे वाण आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’ आणि ‘फुले बसवंत’ जांभळट, ‘श्वेता’ पांढरा. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांचं केंद्रीय संशोधन केंद्र आहे, तिथला ‘भीमा पर्पल’ महाराष्ट्रासाठी शिफारस केलेला आहे. साधारण साडेचार महिन्यांत तयार होतो. या सगळ्यांच्या एका गड्ड्यात पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त कुड्या असतात. सोलायला कटकट होते हे मान्य, पण गड्डा धरतो. चिनी लसूण मात्र लावूच नका. बुरशीच्या रोगामुळे 2014 पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे, तरी चोरवाटेने येतो. खाणं एक वेळ ठीक, लावला तर तो रोग आपल्या मातीत येऊन बसायचा.

आमचा लसूण परत मिळाला तो विट्याजवळ राहणाऱ्या फुफींकडून. अम्मींनी कधीकाळी त्यांना दोन जुड्या दिल्या होत्या, तोच वाण त्यांच्याकडे चालू होता. त्यांनी किलोभर दिला आणि पैसे घेतले नाहीत. “तुमचाच आहे, अमानत समजा,” म्हणाल्या. तेव्हापासून अम्मींचा नवा कायदा: बियाणं एकाच आढ्याला ठेवायचं नाही, दोन घरी द्यायचं. आपल्या घरी काही झालं तर दुसरीकडून परत येतं.

आता लावणीकडे येऊ. हा अंक हातात पडेल तेव्हा ऑक्टोबर लागलेला असेल, म्हणजे वेळ हीच. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावावा, फार तर नोव्हेंबरअखेर. उशीर झाला की पात वाढायला थंडी कमी मिळते आणि गड्डे सुपारीएवढे राहतात.

जुडी आधी फोडून ठेवू नका. ज्या दिवशी लावायचा त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी गड्डे मोडावेत. कुडीचं साल काढायचं नाही, खालचा चपटा बूड दुखवायचा नाही. मग निवड. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या भरीव कुड्या घ्या. मधल्या काडीसारख्या बारीक कुड्या बाजूला काढा, डाग पडलेल्या, पोकळ लागणाऱ्या फेकून द्या. मोठी कुडी म्हणजे मोठा गड्डा, हा हिशेब लसणात जवळपास चुकत नाही. आमच्याकडे ही निवड मुलं करतात, जमिनीवर चादर पसरून. कुडी बोटांत दाबून ‘भरली’ की ‘पोकळ’ हे सांगायचा खेळ त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच येतो.

जमीन निचऱ्याची हवी. आमची वाळवा तालुक्यातली काळी माती भारी, पाणी धरून ठेवते. त्यात गड्डे वेडेवाकडे होतात आणि काढताना तुटतात. खटाव-माणच्या हलक्या, मुरमाड मातीत त्यांचा लसूण गोल निघतो याचा आम्हाला हेवा वाटतो. आम्ही वाफ्यात कुजलेलं शेणखत भरपूर घालतो, गुंठ्याला दोन क्विंटलच्या हिशेबाने, आणि पाणी बेताने देतो. शेत असेल त्यांना दुसरी वाट आहे: पूर्वहंगामी उसाची लागण याच दिवसांत होते, सरीच्या बगलेला लसूण टोकला तर ऊस अंगावर यायच्या आत तो निघतो.

दोन ओळींत 15 सेंटिमीटर, दोन कुड्यांत 10. म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी, आणि मूठभर. टोक वर, बूड खाली, बोटाची दोन पेरं आत, वर मऊ माती. उलटी लागलेली कुडी उगवते, पण मान वाकडी करून वर येते आणि त्यात ताकद घालवते. पहिलं पाणी हळू द्या, नाहीतर कुड्या वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. तीन-चार दिवसांनी आंबवणी, पुढे आठ-दहा दिवसांनी पाणी. महिन्याने एक खुरपणी आणि थोडा युरिया. दोन महिन्यांनंतर युरिया नको, नुसती पात माजते. पात वाळून माना पडायला लागल्या की पाणी तोडा, पंधरा दिवसांनी काढा.

दहा बाय दहाच्या वाफ्याला पाऊण किलोच्या आसपास बियाणं लागतं आणि नीट साधलं तर आठ-नऊ किलो लसूण निघतो. पाच-सहा माणसांच्या घराला तो बरेच महिने पुरतो. जागाच नसेल तर फळांचा प्लास्टिकचा क्रेट, आत गोणपाट आणि माती. गॅलरीत सहा तास ऊन हवं, एवढीच अट.

या पिकाबद्दल आपल्या मासिकात लिहायचं तर एक गोष्ट राहून चालणार नाही. कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावरून काही घरांत लसणाकडेच वाकड्या नजरेने बघतात. पण हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची हकीकतही मुस्लिम शरीफमध्ये आहे. त्यांनी पाठवलेल्या जेवणात लसूण होता म्हणून प्रेषितांनी (स.) ते खाल्लं नाही. त्यांनी घाबरून विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं, नाही, पण मला त्याचा वास आवडत नाही. म्हणजे बंदी खाण्यावर नाही, शेजारी उभ्या असलेल्या नमाजीला होणाऱ्या त्रासावर आहे. हजरत उमर (रजि.) यांनीही खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास मारा, असं सांगितलं. आमच्याकडे ओल्या लसणाच्या पातीचा ठेचा जुम्म्याच्या सकाळी होत नाही, रात्री होतो. एवढी तडजोड पुरते.

काढणीच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, एक काम विसरू नका. वाफ्यात फिरून ज्या रोपांची पात निरोगी, सरळ आणि हिरवी आहे त्यांना चिंधी बांधून ठेवा. पानांवर पिवळे पट्टे असतील ती रोपं बियाण्याला नकोत. तो रोग कुडीतून पुढच्या साली येतो. काढल्यावर चिंधीवाले गड्डे वेगळे सावलीत वाळवायचे, पात न कापता, आणि त्यांचीच जुडी बांधायची. निघालेल्या लसणाचा दहावा हिस्सा ठेवला तर वाळून, सडून, निवडून पुढच्या लावणीला पुरतो.

निवडताना बाजूला काढलेल्या बारीक कुड्या आम्ही आता फेकत नाही. दाट लावून एका कुंडीत घालतो. गड्डा धरत नाही, पण पंधरा-वीस दिवसांत पात कापायला येते आणि अम्मी ती आमलेटमध्ये घालतात.