माणदेशी मेंढपाळांची विद्या

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथें वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण आणि खटाव हे तालुके आहेत. तेथें २० इंच पाऊस पडला तरी शेतकरी वर्ष बरें गेलें असें म्हणतो. सांगली जिल्ह्यांतील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ या तालुक्यांची स्थितिही याहून फारशी निराळी नाहीं. एकीकडे पावसाचा अतिरेक आणि दुसरीकडे त्याची वाण! या दोहोंचा मेळ घालून जगण्याची कला माणदेशच्या मेंढपाळ धनगरांनीं पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे. शहरांतील माणसाला धनगर दिसतो तो बहुधा मोटारीच्या कांचेंतून. रस्ता अडवून चाललेला कळप, घोड्यावर लादलेलें बिऱ्हाड, खांद्यावर घोंगडें टाकलेला पुरुष. कर्णा वाजतो, कळप बाजूला होतो, आणि ‘भटके लोक’ एवढा शेरा मारून आपण पुढें जातों. हा शेरा कितपत न्याय्य आहे, हें पाहण्यासारखें आहे.

धनगराचें हिंडणें वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखें नसतें. त्याला पंचांगासारखा नेम असतो. पावसाळ्याचे महिने कळप माणदेशांत राहतो. येथील माळाची जमीन हलकी व मुरमाड असल्यामुळें पाणी चटकन् निचरून जातें. मेंढीच्या खुराला ओल फार वेळ सोसत नाहीं. चिखलांत तो कुजूं लागतो आणि जनावर लंगडें होतें. म्हणून ज्या वेळीं घाटमाथ्यावर आणि कोंकणांत गवत मुबलक असतें, नेमका त्याच वेळीं हा मेंढपाळ तेथें नसतो. हिरव्या गवताचा मोह आवरून कोरड्या माळावर थांबावें, हें त्याच्या विद्येचें पहिलें सूत्र होय. दसरा-दिवाळी उलटून माळ वाळला कीं वाडे हलूं लागतात. कांहीं कृष्णाकांठीं उतरतात, कांहीं घाट ओलांडून कोंकणांतील भाताच्या रिकाम्या खाचरांत जातात, कांहीं दक्षिणेस कर्नाटकाकडे वळतात. मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पुन्हां परतीची वाट धरावयाची.

येथें वाडा म्हणजे दगडामातीचें घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या कांहीं बिऱ्हाडांचा तो जथा होय. पाणी कोठें आहे, कोणत्या शेतांतील पीक निघालें आहे, याची टेहळणी जाणता माणूस आधीं करून येतो. पुरुष कळप चारीत चालतात. बायका घोड्यांवर सामान लादून मुक्काम गांठतात, चूल मांडतात आणि कोंवळीं कोकरें सांभाळतात. रात्रीं शेतांत वाघर लावतात. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेलें दोरीचें जाळें. त्यांत मेंढरें बसविलीं कीं त्यांच्या लेंड्या व मूत्र यांचें खत आयतेंच जमिनींत पडतें, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोकड देतो. पीक निघाल्यावर उरलेला पाला मेंढीला, आणि मेंढीचें खत पुढच्या पिकाला, असा हा जुना व्यवहार आहे.

मेंढपाळांच्या कित्येक नेमांचा अर्थ शास्त्रानें आतां उलगडून दाखविला आहे. ज्वारीच्या कोंवळ्या फुटव्यांत कळप घालूं नये, असें जुनीं माणसें सांगतात. त्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल हें जालीम विष तयार होतें. पहिल्या पावसाचें लुसलुशीत गवत मेंढीनें अधाशीपणें खाल्लें, तर आंत्रविषाराचा धोका असतो. पावसाळ्यापूर्वीं पशुवैद्य याच रोगाची लस टोंचतात. याखेरीज शेंदीडशें मेंढ्यांतून प्रत्येकीला चेहऱ्यावरून ओळखणें आणि सायंकाळीं प्रत्येक कोकरूं त्याच्याच आईपाशीं सोडणें, ही विद्या तर कोणत्याच पुस्तकांत नाहीं.

कोणती मेंढी पाळावी, हेंही या विद्येचेंच अंग. दख्खनी मेंढी काटक आणि लांब चालणारी. तिची लोकर जाडीभरडी. त्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सनगर कारागीर घोंगडी विणीत आले. पुढें घोंगड्याचा खप घटला. आतां पुष्कळदा कातरणीची मजुरीही लोकरींतून निघत नाहीं. तेव्हां अनेक मेंढपाळ जत तालुक्यांतील माडग्याळ गांवच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, उंच, बाकदार नाकाच्या व तांबूस ठिपक्यांच्या मेंढीकडे वळले. कारण तिच्या कोकराचें वजन लवकर वाढतें.

कामाबरोबर गाणेंही आलेंच. कवठेमहांकाळ तालुक्यांतील आरेवाडीचा बिरोबा हें धनगरांचें मोठें दैवत. त्याची कथा ओव्यांतून रात्रभर गातात, आणि गाइलेला भाग पुन्हां गद्यांत सांगतात. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडितानें असें मौखिक वाङ्मय परिश्रमानें गोळा केलें. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला.

ऋतूंच्या मागें चालणारे असे लोक जगांत इतरत्रही आहेत. युरोपच्या उत्तर टोकास सामी लोक रेनडियरांचे कळप पाळतात. त्यांच्या वर्षाचे ऋतु आठ. हिवाळ्यांत रेनडियर बर्फ उकरून खालचें शेवाळासारखें खाद्य खातो. परंतु ऐन थंडीत पाऊस पडला, तर वर बर्फाचा टणक थर बसतो आणि खालीं अन्न असूनही जनावर उपाशी मरतें. माणदेशी मेंढपाळाला हें दुःख परकें वाटणार नाहीं. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं अवकाळी पाऊस व गारठा यांनीं पश्चिम महाराष्ट्रांत उघड्यावर बसलेल्या शेंकडों मेंढ्या मारल्या. पंचांगावर उभारलेली विद्या आभाळानेंच पंचांग मोडलें तर कशी टिकावी?

जमिनीचाही प्रश्न आहे. टेंभू व म्हैसाळ उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी दुष्काळी तालुक्यांत आणलें. ज्या पाण्याची या प्रदेशानें पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, त्याला कोण नांवें ठेवील? मात्र जेथें ऊस व द्राक्षें बारमाही उभीं राहिलीं, तेथें मेंढरें बसवावयास रान मोकळें राहिलें नाहीं. २००६ च्या वनाधिकार कायद्यानें भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. परंतु कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष चरावयाचें रान यांत अंतर आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. वाडा चालतो, शाळा एका जागीं असते. म्हणून कित्येक आईबाप मुलांना आजीआजोबांपाशीं गांवीं ठेवून निघतात. मुलानें शिकलेंच पाहिजे. त्याला काठी धरावयास लावणें हा त्याच्यावर अन्याय होईल. पण दिवाळीनंतर जो नातू गांवीं राहतो, त्याच्या घरीं हें सारें ज्ञान जाणणारा आजोबाही असतो. शिक्षकानें त्या मुलाकडून माळावरच्या गवतांचीं नांवें, मुक्कामाचीं ठिकाणें, रोगांचीं लक्षणें आजोबांस विचारून वहींत उतरवून घ्यावीं. तेवढ्यानें माळ परत मिळणार नाहीं. परंतु ज्याला आजवर सर्वांनीं अडाणी म्हटलें, तो म्हातारा निदान एका वर्गापुरता गुरु होईल.