पांढरा गंज

गंज म्हटलं की आम्हा जालनेकरांच्या डोळ्यांपुढे लाल-तपकिरी रंग येतो. गाव सळयांचं. रोलिंग मिलच्या आवारात पहिला पाऊस झाला की उघड्यावरचं लोखंड तांबूस व्हायला वेळ लागत नाही. आमच्या घरच्या दखनी बोलीत याला जंग म्हणतात, आणि जंग म्हणजे लढाईसुद्धा. फारसीत तर गंज म्हणजे खजिना! शब्दांची ही गंमत बाजूला ठेवू, कारण आज बोलायचं आहे ते मोटारीच्या अलॉय चाकांवर धरणाऱ्या पांढऱ्या गंजाबद्दल.

या चाकांना आपल्याकडे सर्रास मॅग व्हील म्हणतात. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत, त्यावरून हे नाव आलं. आजचं चाक मुख्यतः ॲल्युमिनियमचं असतं. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. म्हणजे आपल्या आया ज्याला जर्मन म्हणत, त्याचाच हा धाकटा भाऊ. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवू नये, ते धुण्याच्या सोड्याने घासू नये, हे ज्या घरात पाळलं जातं, त्या घराला या चाकाचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे.

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हा थर मात्र घट्ट बसतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. आम्ल, तीव्र क्षार आणि मीठ हे त्याचे शत्रू. कारखान्यात चाकावर रंग आणि पारदर्शक लॅकर चढवलेलं असतं. खडी उडाली, चाक फुटपाथला घासलं की लॅकरला टवका जातो, तिथून ओल आत शिरते आणि वाळवीने वाट कोरावी तशा बारीक रेषा लॅकरखाली पसरू लागतात. मुंबई-कोकणात वापरलेली गाडी आपल्याकडे विकायला येते, तिच्या चाकांवर हे हमखास दिसतं. खाऱ्या हवेचा तो प्रसाद. कोकणची सहल करून आलात तर चाकं आतूनबाहेरून गोड्या पाण्याने धुवा.

आपल्या बोअरच्या जड पाण्याचे डागही पांढरेच असतात, म्हणून आधी निदान करावं. चाक थंड असताना गाडीच्या शाम्पूने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुवा, पुसा, मग नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर डाग क्षाराचा. नख अडकलं, फोड लागला, तर खाली धातू खाल्ला जातोय.

काही धुलाईवाले संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात मिसळून चाकावर मारतात. चाक दोन मिनिटांत उजळतं, कारण ॲसिड मळाबरोबर धातूही खातं. काही तयार क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात. बाटलीवरचं वाचल्याशिवाय हात लावू नये.

घरी करायचं काम सोपं आहे, घाईचं नाही. बाकीच्या चाकांना ओट लावून चाक काढावं. सुटलेलं लॅकर खरवडून २४०, मग ४००, मग ८०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून फिरवावा. पांढरी पावडर पूर्ण जाऊन स्वच्छ धातू दिसला पाहिजे, नाहीतर नव्या रंगाखाली जुनाच रोग वाढतो. लोखंडी काथ्याने घासू नये, त्याचे कण धातूत रुतून बसतात. वाळल्यावर स्पिरिटने पुसा, टायर कागदाने झाका. ॲल्युमिनियमसाठी मिळणारा एचिंग प्रायमर, मग चंदेरी रंग, मग लॅकर, सगळे हात पातळ. एक दिवस वाळू द्या. नट बसतात त्या खाचा आणि चाक हबला टेकतं ती मागची बाजू रंगवू नका. तिथला रंग दबला की नट सैल होतात. यंत्रावर कापून चकाकी दिलेल्या, डायमंड कट चाकांना मात्र घरी हात घालू नये.

पण माझ्या मते खरी काळजी दिसणाऱ्या डागाची नाही. टायरची कडा रिमवर जिथे बसते, तिथेही हाच गंज धरतो. तो टायरखाली झाकलेला असतो. कडा खडबडीत होते आणि हवा मुंगीच्या पावलाने निघून जाते. पंक्चर सापडत नाही, आपण दर आठवड्याला हवा भरत राहतो. गावात हे चालून जातं. समृद्धी महामार्ग मात्र जालन्यावरून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि मे महिन्यातल्या दुपारी त्या वेगात फुटू शकते. मग लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात. टायरमध्ये हवा किती होती, हे क्वचितच कुणी विचारतं. ‘उन्हाळ्यात दोन पौंड कमीच ठेवा चाचा, सेफ राहतं,’ असं सांगणारेही भेटतात. ते ऐकू नये. आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो.

शंका आली तर साबणाचं पाणी करून टायर आणि रिमच्या सांध्यावर सोडावं. बुडबुडे आले तर पंक्चरवाल्याकडे टायर रिमवरून उतरवून घ्यावा. तो बसायची जागा घासून स्वच्छ करतो, सीलर लावतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. धातूला खोल खड्डा किंवा चीर दिसली तर वेल्डिंग करू देऊ नये. या चाकांना ठरावीक उष्णता देऊन मजबुती आणलेली असते, वेल्डिंगच्या धगीने ती जाते. तिथे चाकच बदलावं लागतं. आणि चाक परत चढवल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी फिरली की नट एकदा पुन्हा पान्याने बघावेत.